दगडाखालची फांदी

“आक्का, ही फांदी ओढलेली नाय. हिची पानं शाबूत हायत. कुठनं आणलीस?”

तू ओट्याखाली उभा होतास. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, धाप लागलेली. मी कोयत्यानं डहाळ्या सुट्या करत होते आणि शेळी शेजारी पाला खात होती. मी मान वर न करता म्हटलं, “वरच्या वळणावरनं. धनगरवाडीची पायवाट रस्त्याला मिळते ना, तिथनं. मोठी गावली आज. कुणीतरी वर दगडपण ठेवला होता, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून. सुधारले तुझे सायकलवाले.”

मग मी वर पाहिलं. तू खाली बसला होतास.

“आक्का, तिथं बाबू शिंपी पडलाय दरीत. दोन तास शोधतोय आम्ही. ती खूण होती गो.”

शेळीच्या तोंडात एक डहाळी होती. ती मी ओढून काढली. कशासाठी काढली ते मला अजून सांगता येत नाही.

रघू, तुला जाऊन आज बारा दिवस झाले. उद्या तेरावा. या रस्त्यावरचे सगळे सायकलवाले जेवायला यायचे आहेत आणि पानं वाढण्याआधी हे वाचलं जाणार आहे. शाळेचे मास्तर वाचतील. मी चौथी झालेली बाई, लिहिता येतं, पण चारचौघांत वाचायला उभी राहिले तर घसा बसेल. तुझा जन्म कुठला, गिरणीत तू किती वर्षं होतास, बायको कधी गेली, हे मी लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना नाही त्यांचं काही अडलेलं नाही. मला त्या फांदीचं सांगायचं आहे. आठ वर्षं झाली. तू होतास तोवर तू सांगू दिलं नाहीस. आता तुला मला अडवता येत नाही.

बाहेरगावचं कुणी पंगतीला असेल तर त्याला आधी रस्ता कळायला हवा. आपलं कापडं गाव आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. घाट उतरून येणारा प्रत्येक जण आपल्या दारावरून जातो. तू मुंबई सोडून आलास तेव्हा दासगावच्या बंदरावर होडीतून एक ट्रंक आणि एक सायकल उतरवलीस. सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून वर आलास आणि मग तिच्यावर बसून महाड, पोलादपूर करत दारात येऊन घंटी वाजवलीस. मी म्हटलं होतं, लोक मुंबईहून भांडी आणतात. तू म्हणालास, “भांडं एका जागी ऱ्हातं आक्का.” तेव्हा या रस्त्याला सायकली मोजून सात. महाडच्या व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या नि नमुने घेऊन हिंडणारा तू, कोर्टाची समन्सं वाटणारे भाऊराव बेलिफ, मापं घ्यायला गावोगाव फिरणारा बाबू शिंपी, देवी टोचणारे डॉक्टर आणि आणखी तिघे.

घाट उतरताना सायकलीचे ब्रेक पुरत नाहीत. रबर जळून वास सुटतो. म्हणून माथ्यावर ऐनाची किंवा किंजळाची एक भरगच्च फांदी तोडायची आणि दोरीनं मागं बांधून ओढत खाली यायचं. सायकल जुवाखालच्या बैलासारखी गुमान चालते. पायथ्याशी आलं की दोरी सोडायची आणि फांदी टाकून द्यायची. टाकायची कुठं, तर आपल्या दारात. तो तुझा नियम. रस्त्यात पडली तर मागून येणारा तिच्यावरून पडेल. आणि माझा त्यात फायदा होता. भाताची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर टहाळ पसरून जाळायचा, तो राब. आपल्या बांधाला झाडं चारच. इतरांच्या बाया टहाळासाठी डोंगर तुडवायच्या आणि माझ्या दारात तो सायकलीला बांधून यायचा. शेजारची यशोदा म्हणायची, “तुझा राब घंटी वाजवत येतो गो आक्का.”

तुझे नियम मला सगळे आवडत होते असं नाही. सायकलवाला रस्त्यात थांबलेला दिसला की उतरायचंच. तो हात करो न करो, खाली पाय टेकून विचारायचं, “काय रे, सगळं ठीक हाय ना?” भाऊराव एकदा आपल्या ओट्यावर बसून तक्रार करत होते. “आक्का, तुमच्या भावामुळे मला झुडपामागे पाच मिनिटं मिळत नाहीत. सायकल रस्त्याला टेकवली की कुणीतरी येऊन विचारतो, बेलिफसाहेब, काही मदत पाहिजे का?” तू हसला नाहीस. म्हणालास, “मग काय, विचारायचं नाय?”

आईच्या श्राद्धाला तू कुणा अनोळखी माणसाचं पंक्चर काढत बसलास, कापड्याच्या फाट्यावर. मी पान वाढून बसले. तू आलास तेव्हा कावळा जेवून गेला होता. मी म्हटलं, कावळा थांबला नाही, तू मात्र थांबलास. तू म्हणालास, “कावळ्याला पंख हायत. त्या माणसाला चाक नव्हतं.” यावर तुला काय बोलायचं? मी बोलले, पुष्कळ बोलले, पण उपयोग झाला नाही.

आता खुणेचं. घाटात कुणी पडला आणि पाहणाऱ्याला एकट्यानं वर काढता येत नसलं, तर त्यानं ताजी फांदी तोडून रस्त्यात आडवी टाकायची. तोडलेला बुडखा ज्या अंगाला, माणूस त्या अंगाला. वर दगड ठेवायचा. मग मदत आणायला जायचं. पावसाच्या शेवटी तिथं गवत डोक्याएवढं होतं, धुकं उतरतं, आणि या वळणाचं त्या वळणापासून काही वेगळं दिसत नाही. तुम्ही सात जणांनी पोलादपूरला वडाखाली बसून हे ठरवलं होतं. सात पुरुष. ज्या बाईच्या दारात रोज फांद्या पडतात आणि जी रस्त्यावर दिसेल ती फांदी उचलते, तिला सांगायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुझ्याही नाही. आपण एका चुलीचं जेवत होतो.

त्या दिवशी नवरात्राला आठवडा होता. बाबू वरून उतरत होता. त्याच्या फांदीची दोरी तुटली, सायकल सुटली आणि तो वळणावरून खाली गेला. भाऊराव सायकल ढकलत वर चालले होते. त्यांना मोडलेलं गवत दिसलं, कण्हणं ऐकू आलं. ते उतरून गेले. मांडी मोडलेली, छातीला मार, बोलायला श्वास नाही. भाऊराव काटकीसारखा माणूस, त्यांच्यानं तो उचलवेना. त्यांनी कमरेच्या कोयत्यानं ऐनाची फांदी तोडली, आडवी टाकली, दगड ठेवला, सगळं नियमानं केलं. मग सायकलीवर पायानं ब्रेक मारत आपल्या दारी आले, तुला सांगितलं, “बाबू पडलाय. फांदी टाकली आहे. तुम्ही माणसं न्या, मी पोलादपूरहून डॉक्टर आणि गाडी आणतो.” आणि गेले. ते महाडचे, घाटातल्या जागांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. फांदी हाच पत्ता होता.

मी धनगरवाडीहून ताक घेऊन पायवाटेनं उतरत होते. पायवाट रस्त्याला आडवी जाते तिथं ती फांदी दिसली. दगड पायानं ढकलला, अंगठ्याचं नख तुटलं. फांदी डोक्यावर घेतली आणि पलीकडच्या पायवाटेनं खाली आले. ओढ्यावर कुर्डूची भाजी दिसली ती खुडत बसले. तेवढ्यात तू चार माणसं घेऊन रस्त्यानं वर गेलास. घरी आले तर घर रिकामं, आळीतल्या बाया शेतावर. मी शेळीला पाला घातला.

तुम्ही पार माथ्यापर्यंत जाऊन आलात. हाका मारल्या. फांदी कुठंच नाही. आता दरीत उतरून शोधायचं तर दोर कमी पडेल म्हणून तू एकटा घरी आलास, तेव्हा ती पानं तुला दिसली. ओढत आणलेल्या फांदीचा पाला एका अंगानं घासून गेलेला असतो, साल निघालेली असते. हे मलाही ठाऊक होतं. मी इतकी वर्षं तेच टहाळ रचत आले होते. मला वाटलं, आज कुणी चांगला माणूस भेटला.

आपण वर निघालो. मी पुढं, तू दोर घेऊन मागं.

“मला काय म्हाईत?” मी म्हटलं.

“चल.”

“सांगितलं होतंस कधी?”

“आक्का, चल.”

एवढंच बोलणं झालं. मला जागा शोधावी लागली नाही. धुक्यात दोन हातांवरचं दिसत नव्हतं, पण त्या वाटेनं मी लहानपणापासून ताक आणते आहे. दगड रस्त्याच्या कडेला मी ढकलला तिथंच होता. तू शीळ घालून बाकीच्यांना बोलावलंस आणि ते यायच्या आधीच दोर ऐनाला बांधून उतरलास. दुसरं टोक मी धरलं. गवत हलताना दिसलं, मग तेही दिसेना.

मी किती वेळ उभी होते ते ठाऊक नाही. देवाचं नाव घेतलं असं मी पुढं लोकांना सांगितलं, पण घेतलं नव्हतं. मी बाबूच्या आईचा विचार करत होते. तिला जाऊन काय सांगायचं, कुठल्या शब्दांनी सुरुवात करायची, ते जुळवत होते.

मग खालून तुझा आवाज आला. “आक्का, सापडला.”

“जित्ता हाय का?”

खाली गवत खसखसलं. नंतर म्हणालास, “हाय. गार पडलाय, पण श्वास हाय. घोंगडी टाक.”

रघू, मी त्यानंतर पुष्कळ चांगल्या गोष्टी ऐकल्या. यशोदाच्या सुनेला मुलगा झाला ते ऐकलं, आपली जमीन गहाणातून सुटली ते ऐकलं. पण अंगावरून ओझं खाली उतरावं तसं मला पुन्हा कधी वाटलं नाही. मी रस्त्यात बसले. तेवढ्यात ती चार माणसं आली आणि त्यांनी विचारलं, “कसा सापडला?”

तू दरीतून ओरडून सांगितलंस, “आक्कानं कण्हणं ऐकलं. पायवाटेवरनं येताना.”

मी तोंड उघडलं होतं. पण तेव्हा बाबूला वर घ्यायचं होतं. काठीला घोंगडी बांधून डोली केली, खाली आणला, बैलगाडीत घातला. डॉक्टर पोलादपूरच्या अलीकडे भेटले. तिथवर मी बाबूचं डोकं मांडीवर धरून होते. पुढं मोटारीनं महाडच्या दवाखान्यात नेला. तो महिनाभर तिथं होता.

तीन दिवसांनी वडाखाली सायकलवाले जमले. भाऊरावांना लोक बोलत होते, फांदी टाकलीच नसेल, घाबरून पळाला असेल आणि आता खोटं सांगतोय. तू उभा राहिलास आणि म्हणालास, “फांदी त्यांनी टाकली होती. मी पुढं चालत होतो, धुक्यात पायात आली, कुणीतरी उतरताना टाकली समजून मी ती दरीत भिरकावली. दगड बघितला नाय.” भाऊराव उठले म्हणे. मग म्हणाले, “रघुनाथ, ही खूण तुम्हीच सुचवली होतीत ना?” आणि सायकल घेऊन निघून गेले.

हे मला यशोदाच्या नवऱ्यानं सांगितलं. तू घरी आल्यावर मी भाकरी थापत होते ती तशीच तव्यावर टाकून उठले.

“खोटं का बोललास?”

“मग काय सांगू? माझ्या भैनीनं शेळीला घातली म्हणून?”

“खरं ते हाय.”

“खरं हे हाय की ज्या दारावरनं आम्ही रोज जातो त्या दारात आम्ही सांगितलं नाय. ज्याला म्हाईत होतं त्याची चूक. तुला म्हाईत नव्हतं.”

“ते मी सांगते त्यांना. माझ्या तोंडानं.”

“सांगशील नि ते म्हणतील, बाईमाणूस, तिला रस्त्याचं काय कळतं. मग जल्मभर त्या दारात फांदीपण टाकणार नायत आणि बाईला कुणी काय सांगणारपण नाय. गप बस आक्का.”

“मी काय कुकुलं बाळ हाय, माझं तू पांघरतोस?”

“भाकरी जळतेय,” तू म्हणालास.

जळलीच ती. तू तीच खाल्लीस.

हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. वर्षातून एकदा तरी मी काढायची आणि तू उठून सायकलीची साखळी पुसायला जायचास. लोकांना वाटतं की दुसऱ्याची चूक अंगावर घेणं हे फार मोठं. घेणाऱ्याला असेल. जिची घेतली तिला कसं वाटतं ते मला विचारा. बाबूची आई खण-नारळ घेऊन आली आणि माझ्या पायाशी वाकली, तुमच्या कानांनी माझा मुलगा वाचवला म्हणाली. मी काय करायचं होतं? दर दिवाळीला बाबू मला एक चोळी शिवून पाठवायचा. आठ चोळ्या. त्यांतल्या पाच मी घातल्या, तीन ट्रंकेत आहेत. तुझ्यावर ठपका आणि माझ्या अंगावर चोळी, असं ते चाललं होतं.

तुला किती सोसावं लागलं ते तू बोलला नाहीस, पण मी आंधळी नव्हते. वर्षभर कुणी आपल्या दारात फांदी टाकली नाही. ओढ्याच्या अलीकडेच सोडून द्यायचे. त्या साली माझा राब तोकडा पडला, रोप पिवळं आलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, एवढी तरी शिक्षा माझ्या वाट्याची माझ्याकडे आली. तू घाटात थांबलेला दिसलास तरी भाऊराव उतरत नसत. घंटी वाजवून पुढं जायचे. तू मात्र ते थांबलेले दिसले की उतरायचास. “काय बेलिफसाहेब, सगळं ठीक ना?” ते मान फिरवायचे. तू पुन्हा सायकलीवर बसायचास. हे मी स्वतः दोनदा पाहिलं आहे. मला तेव्हा तुझा राग यायचा, त्यांचाही यायचा, आणि सगळ्यांत जास्त माझा.

एक गोष्ट तू केलीस ती मला पटली. पुढच्याच आठवड्यात तू फांदी घेऊन विहिरीवर गेलास. सकाळची वेळ, सगळ्या बाया पाण्याला. तू फांदी जमिनीवर आडवी टाकलीस, वर दगड ठेवलास आणि मास्तरासारखा बोलायला लागलास. “बुडखा ज्या अंगाला, माणूस त्या अंगाला. दगड असंल तर हात लावायचा नाय. उभं ऱ्हायचं नि हाक मारायची.”

यशोदा म्हणाली, “आणि रघूभाऊ, बाई पडली असंल तर?”

“बाई कुठं सायकलवर बसते?”

“तुम्ही बसवलीत कुणाला?”

बाया घागरी धरून हसत सुटल्या. तू लाल झालास, पण हललाही नाहीस. प्रत्येकीकडून वदवून घेतलंस. धनगरवाडीत गेलास, तिथल्या बायांनाही सांगितलंस. पुढच्या पावसाळ्यात देवी टोचणारे डॉक्टर पडले तेव्हा एक धनगरीण फांदीजवळ सकाळपासून दुपारपर्यंत उभी होती. तिच्या शेळ्यांनी पाल्याला तोंड लावू नये म्हणून दगड मारत, हाका देत. डॉक्टर टोचायला आले की तीच बाई पोरं घेऊन रानात पळायची. पण फांदीपाशी उभी राहिली.

त्यानंतर फांद्या पुन्हा आपल्या दारात पडायला लागल्या. पण भाऊराव उतरले नाहीत ते नाहीतच.

आणि या कार्तिकात तू चार दिवसांच्या तापानं गेलास. भात झोडून झालं होतं. फार हाल झाले नाहीत, त्याचं मला समाधान आहे. लोक म्हणाले, बाई रडली नाही. एकदा रडले, गोठ्यात. तेवढं पुरे. मला भीती एवढीच होती की मी आधी गेले असते तर हे तसंच राहिलं असतं, आणि तू जन्मात कुणाला सांगितलं नसतंस.

परवा दहावा झाला. बाबू आला होता. त्याचा एक पाय आखूड राहिला आहे, तरी सायकल चालवतो, एका पायानं रेटतो आणि दुसरा नुसता ठेवतो. नदीवरून आल्यावर बाकीचे पांगले, तो ओट्यावर बसला. मी त्याला चहा दिला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. बाबू, ती फांदी मी नेली होती. कण्हणं वगैरे काही मी ऐकलं नाही. रघूनं काही भिरकावलं नाही. तुझ्या चोळ्या परत घेऊन जा, तीन नव्या आहेत.

तो चहा पीत राहिला. मग म्हणाला, “आक्का, मला म्हाईत हाय.”

“काय म्हाईत हाय?”

“मी शुद्धीवर होतो तेव्हा. तुम्ही वर आलात, बोललात. ‘बरी मोठी हाय, दगडपण ठेवलाय, शाणी झाली माणसं.’ दगड घरंगळला त्याचा आवाज आला. मी हाक मारत होतो, पण छातीतनं वारा येईना. तुमची पावलं गेली. मग मला काय आठवत नाय.”

एवढं मला ठाऊक नव्हतं. पाच-सहा वावांवर, हाकेच्या अंतरावर तो पडला होता आणि वर उभी राहून मी फांदीचं कौतुक करत होते.

“रघूला म्हाईत होतं हे?”

“दवाखान्यात सांगितलं मी त्याला. वडाखाली तो बोलून आला त्याच दिवशी भेटायला आला होता. मी म्हटलं, रघूभाऊ, तुम्ही नाय काढली फांदी, मी ऐकलंय. तर म्हणाला, ऐकलंस ना, मग झालं. तुला म्हाईत हाय तेवढं मला बास. आक्काला सांगू नको, ती जीव जाळून घेईल.”

म्हणजे आठ वर्षं तुम्ही दोघांनी मला वेड्यात काढलं. मी भडकले, बाबूला नको नको ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, “मग चोळ्या कशाच्या शिवत होतास रे?”

“तुम्ही माझं डोकं मांडीवर धरून गाडीतनं आलात,” तो म्हणाला. “चाक दगडावर गेलं की तुम्ही दोन्ही हातांनी धरायचात, ते मला आठवतं. त्याच्या हायत त्या चोळ्या. फांदीच्या नायत.”

त्यानं कप खाली ठेवला, सायकल घेतली आणि गेला.

रघू, त्या रात्री मी चांगली झोपले. खरं ते लिहिते. मला वाटत होतं की तू तो ठपका एकट्यानं वाहिलास आणि तो मी तुझ्यावर टाकला. तू एकटा नव्हतास. रस्त्यावर एक माणूस होता, ज्याला तू स्वच्छ असल्याचं ठाऊक होतं, आणि तोही तोच, जो खाली पडला होता. भाऊराव मान फिरवून जायचे तेव्हाही तुला ते ठाऊक होतं. म्हणून तू पुन्हा पुन्हा उतरून विचारू शकलास. मला वाटायचं तू लाचारी करतोस. तसं मी तुला एकदा म्हटलंही होतं. ते मी मागं घेते. आणि एक, जे तुला तोंडावर म्हणायला हवं होतं ते. तू माझं पांघरलंस याचा राग माझ्या मनात आहे आणि राहील, पण तू नसतास तर मी या गावात मान वर करून राहिले नसते. बरं केलंस असं मी म्हणणार नाही. पण केलंस, आणि त्यावर मी आठ वर्षं जगले.

भाऊराव, तुम्ही पंगतीत बसला असाल. फांदी तुम्ही टाकली होती, बुडखा दरीकडे, वर दगड, अगदी नियमानं. ती मी उचलली. रघुनाथनं तिला हात लावला नव्हता. तुमचा राग त्याच्यावर होता तो आता माझ्यावर घ्या, मी इथंच आहे, बसल्या जागी सापडेन.

बाकी मास्तर, इथं थांबा आणि पानं वाढायला सांगा. बाबू डाव्या हाताला खांबापाशी बसला असेल, पाय लांब करून, कारण तो त्याला दुमडता येत नाही. त्या दिवशी दोन तासांहून जास्त तो दरीत पडून होता, आणि जगला.